फायनलचा माईक

दौलतच्या हातात माईक आला की त्याची उंची चार बोटं वाढते, असं त्याची बायको तुळजा म्हणायची, आणि काही खोटं म्हणायची नाही. एरवी तो काल्हेरचा साधा जॉबर. भिवंडीतल्या एका कारखान्यात बिघडलेले लूम दुरुस्त करायचे, तेलकट हात चिंधीला पुसायचे आणि सायकल हाणत घरी यायचं. चोवीस लूमच्या खडखडाटात ओरडून ओरडून त्याचा आवाज मात्र असा तयार झाला होता की भोंगा लावायचा तो केवळ टुर्नामेंट आहे म्हणून.

लूमला सुट्टी शुक्रवारी, म्हणून भिवंडीचं क्रिकेटही शुक्रवारचं. भातकापणी झाली की शहराच्या कडेची खाचरं सपाट करायची, बांध फोडायचे, रोलर फिरवायचा आणि डिसेंबरपासून थेट मार्चपर्यंत टेनिस बॉलच्या मॅचेस. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत शहरात जे झालं ते झालं, त्यानंतर पुढची दोन वर्षं या मैदानात गुरंच चरली. मग दौलतच्याच कारखान्याचे मालक अब्दुर्रहमानशेठ यांनी चार गावं फिरून, चार मोहल्ले फिरून, हातापाया पडून टुर्नामेंट परत उभी केली. आता एका बांधावर कोकणी मुसलमान, आगरी, कुणबी, यूपीचे कारीगर असे सगळे मांडीला मांडी लावून बसत आणि सगळ्यांच्या डोक्यावर, बांबूच्या मचाणावर, खुर्ची टाकून दौलत.

त्याची कॉमेंट्री म्हणजे तमाशाच होता म्हणा ना. कुणाला सोडायचा नाही. यूपीवाला खेळायला आला की 'आले भय्याजी, दूधवाले!' अंबाडीकडची टीम उतरली की 'जंगलातली मंडली आली, कोंबड्या झाका!' अंबाडीचा रामू वारली बोलिंगला आला की 'सुटला तिरकमठा!' लोक हसून लोळायचे. रामू हसायचा की नाही हे बघायला दौलतला कुठली फुरसत?

पण त्याचा खरा हुकमी एक्का वेगळाच. कुणाचीही विकेट पडली की दौलत उभा राहायचा, माईक तोंडाशी न्यायचा आणि लांबलचक सूर लावायचा, 'उठला रे उठलाऽऽ' आणि थांबायचा. मग दोन हजार माणसं एका तोंडानं ओरडायची, 'जनाजाऽऽ!' हा शब्द त्यानं कारखान्यातून उचललेला. लूमचं एखादं मोठं काम निघालं की कारीगर आपसात म्हणायचे, 'लो, उठ गया जनाजा,' म्हणजे निघाली लूमची अंत्ययात्रा. तिथं हसणारे चौघं. दौलतनं तो शब्द मैदानात आणला आणि हसणारे दोन हजार झाले. पोरं गल्लीत पतंग काटला तरी तेच ओरडायला लागली. आपल्या तोंडचा शब्द सगळ्या भिवंडीच्या तोंडी आहे, या विचारानं दौलतची छाती भरून यायची.

त्यातही सत्त्याऐंशी सालची गोष्ट तो कुणालाही धरून सांगायचा. जुम्म्याची नमाज उरकून खेळ परत सुरू झालेला. दापोड्याच्या बोलरनं तीन चेंडूंत तीन विकेट काढल्या. तीन वेळा दौलतनं सूर लावला, तीन वेळा मैदान उठलं, पत्र्याचे डबे काय वाजले, शिट्ट्या काय झाल्या! 'आनि आयका,' दौलत गोष्टीच्या शेवटी आवाज खाली आणून सांगायचा, 'तो खाडीकरचा रस्ता हाय ना, त्याव्हरशी मान्सं चाल्लेली. पन्नास-साठ असतील, पांडरे कपरे, डोक्याला टोप्या. नमाजावरशी घरला चाल्लेली. माजा आवाज आयकून जागच्या जागी थांबली! पूर्न गर्दी थांबली, माज्याकरं बघत. असा इज्जतदार आवाज हाय माजा.'

ऐकणारा हो हो म्हणायचा. दोन वर्षांत ही गोष्ट तुळजानं इतक्या वेळा ऐकली होती की ती भाकरी थापता थापता पुढचं वाक्य आधीच म्हणून मोकळी व्हायची.

अशा या सुखात मोहिउद्दीन आला.

मोहिउद्दीन म्हणजे गुलाम हुसेनचा मुलगा, पंचवीसेक वर्षांचा, उर्दू शाळेत मास्तर. बाप वारलेला, घरी आई आणि तो. सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात कमिटीनं त्याला मचाणावर बसवला तो स्कोर लिहायला. अक्षर मोत्यासारखं. बोलणं अदबीचं. दौलतला तो 'दादूस' म्हणायचा, आगऱ्यांमध्ये थोरल्या भावाला म्हणतात तसं, आणि दौलतही खुशीत त्याच्याकडून पाणी मागून प्यायचा. पण एकोणनव्वदच्या जानेवारीत एका शुक्रवारी शेठनी दौलतला कारखान्यात अडकवून ठेवलं. मोठा लूम उघडून पडलेला, सुट्टी असो नसो. दौलत मैदानावर पोहोचला तोवर पहिली मॅच संपत आली होती. लांबूनच भोंगा ऐकू आला आणि आवाज आपला नाही हे कळल्यावर त्याच्या पायाखालचं पेडलच थांबलं.

मोहिउद्दीन बोलत होता. ओरडत नव्हता. जवळच बसून कुणी सांगावं तसा बोलत होता. 'रामू वारली बोलिंगला येतोय. अंबाडीहून पहाटेची पहिली एसटी पकडून आलाय, पाड्यावरून तिथवर दोन कोस चालत. काल दिवसभर वीटभट्टीवर होता. डावा पाय थोडा ओढतोय बघा, पण चेंडू सरळ टाकणारा माणूस आहे. टाकला... आणि मधली दांडी गेली. रामू, शाब्बास.' एवढंच. आणि मग ज्या टाळ्या पडल्या तशा टाळ्या दौलतनं आपल्यासाठी कधी ऐकल्या नव्हत्या. हशा पुष्कळ ऐकला होता. टाळ्या नाहीत.

त्या क्षणापासून दौलतच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना.

कमिटीनं मग वाटणी केली. पहिली मॅच दौलतची, दुसरी मोहिउद्दीनची. पुढच्या शुक्रवारपासून लोक दुसऱ्या मॅचलाच जास्त यायला लागले. हे दौलतनं मोजलं नाही, पण त्याला दिसत होतं. लोक मोहिउद्दीनला वर चिठ्ठ्या पाठवायचे, आमच्या अमक्याचं नाव घ्या, त्याची बहीण गच्चीवरून ऐकतेय. गच्चीवरून! बायका गच्चीवर बसून क्रिकेट ऐकायला लागल्या होत्या. दौलतच्या जमान्यात बायका आपली दारं लावून घ्यायच्या, आणि तो समजायचा, त्यांना क्रिकेट कळत नाही.

मोहिउद्दीन गार पाणी पीत नाही, हे दौलतनं टिपलं. त्यानंही गार पाणी सोडलं. मोहिउद्दीन वेलची चघळतो, म्हणून यानंही वेलची आणली, ती दाढेत अडकली आणि ऐन ओव्हरमध्ये ठसका लागला. मोहिउद्दीन कागदाच्या चिटोऱ्यांवर खेळाडूंची माहिती लिहून आणतो, म्हणून यानंही एक वही केली. पण लिहायला बसल्यावर कळलं, दहा वर्षांत आपण एकाही खेळाडूला त्याच्या गावाचं किंवा बापाचं नाव विचारलेलं नाही. वही कोरीच राहिली, आणि त्याचाही राग मोहिउद्दीनवरच निघाला.

घरी तुळजा तर तेल ओतायलाच बसलेली. भिवंडीत नणंदेकडे जाऊन आली आणि त्याला वाढून चूल फुंकता फुंकता म्हणाली, 'त्या पोराचा आवाज गोर हाय हो. त्या रामूचा सांगला ना, माज्या डोल्यान पानी आला.'

'माजी कामेंट्री आयकून कंदी आला पानी?'

'तुमची आयकून?' तुळजानं फुंकणी खाली ठेवली. 'तुमची आयकून कान दुखतात.'

दौलत ताटावरून उठला. ही बाई आपल्या घरात आपल्या ताटात वाढते आणि गुण दुसऱ्याचे गाते, हे त्याला इतकं लागलं की दोन दिवस तो तिच्याशी बोललाच नाही. बोलला नाही हे तिच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

आता राहिली होती फायनल. बाकीच्या मॅचेस जाऊ देत खड्ड्यात, फायनल ज्याच्या आवाजात झाली त्याचीच ती टुर्नामेंट. वर्षभर लोक फायनल आठवतात, आणि आठवतात ती ज्या आवाजात ऐकली त्या आवाजात. मार्चचा दुसरा शुक्रवार. अंबाडी विरुद्ध दापोडे. माईक कुणाला ते अजून ठरायचं होतं, आणि दौलतला दुसरं काही सुचत नव्हतं. सेमीफायनलला त्यानं जीव तोडून कॉमेंट्री केली. 'उठला रे उठला' इतका लांब खेचला की शेवटी खोकला आला. मैदानानंही जोरात साथ दिली, त्यामुळे त्याला वाटलं, चला, अजून आपलंच राज्य आहे. मोहिउद्दीन शेजारी मान खाली घालून स्कोर लिहीत होता. विकेट पडली की हा पोरगा कधी मान वर करत नाही, हे दौलतनं पाहिलं होतं आणि अर्थही लावला होता. जळतोय.

फायनलच्या आदल्या दिवशी अब्दुर्रहमानशेठनी त्याला कारखान्याच्या ऑफिसात बोलावून घेतलं. चहा मागवला. चहा मागवला म्हणजे काहीतरी वाईट बोलायचं आहे, एवढं दौलतला कळत होतं.

'दौलत, एक सांगायचं होतं,' शेठ म्हणाले. 'तो तुझा जनाजा आहे ना, तो आता सोड.'

'का सोरू? लोकांना आवरतो.'

'आवडतो. पण सोड.'

'शेट, तुमच्याच कारखान्यान शिकलो मी तो. तुमचेच कारीगर बोलतात. त्यांना कुनी काय बोलत न्हाय.'

'चार माणसं आपसात बोलतात ते वेगळं. तू भोंग्यावरून बोलतोस.' शेठनी चहाचा कप बशीत फिरवला. 'मैदानाच्या बाजूनं कुठला रस्ता जातो, माहीत आहे ना तुला?'

'खाडीकरचा.'

'खाडीच्या आधी काय लागतं?'

दौलतनं बशीत चहा ओतला. खाडीच्या आधी कबरस्तान लागतं, हे काल्हेरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण रस्ता रस्त्याच्या जागी आणि कॉमेंट्री कॉमेंट्रीच्या जागी.

'ही चुगली मोहिउद्दीननं केली ना?' त्यानं विचारलं.

'कुणी केली ते राहू दे. फायनलचा माईक तुझा, पण तो शब्द नको. शब्द हवा असेल तर माईक नको. उद्या सकाळी सांग.'

दौलत बाहेर पडला तो रागानं लाल होऊन. म्हणजे असं चाललं आहे तर! आवाजानं जिंकता येत नाही म्हणून आपल्या तोंडचा घासच काढून घ्यायचा. त्या शब्दाशिवाय आपल्याला कोण विचारणार? आणि हे त्या मास्तरड्याला बरोबर ठाऊक आहे. दादूस म्हणतो आणि पायाखालची फळी काढतो. रात्रभर त्यानं मनातल्या मनात मोहिउद्दीनला जे जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. सकाळ झाली तशी तो सायकल काढून निघाला. शेठकडे नाही, सरळ मोहिउद्दीनच्या घरी.

घर जुन्या मोहल्ल्यातलं, लाकडी सज्जाचं. दार उघडलं ते मोहिउद्दीनच्या आईनं, हबीबानं. पांढरी ओढणी, चष्मा एका बाजूनं दोऱ्यानं बांधलेला.

'मोहिउद्दीन हाय का?'

हबीबानं दाराला हात तसाच ठेवून नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

'तुम्ही दौलत ना? काल्हेरचे.'

'तुमी कसा वलाखलात? मना तर कंदी बघितला न्हाय तुमी.'

'बघायचं कशाला. आवाज माहीत आहे.' ती बाजूला झाली. 'या, आत या. तो बाजारात गेलाय, येईल इतक्यात.'

खरं सांगायचं तर इतक्या रागातही दौलतला बरं वाटलं. मोहल्ल्याच्या आतली बाई, कधी मैदानावर न आलेली, आवाजावरून ओळखते. तो खुर्चीवर जरा ऐसपैस बसला. हबीबानं सरबत आणून ठेवलं आणि समोर पाटावर बसली.

'मावशी, तुमच्या पोरानं बराबर न्हाय केला,' दौलतनं सुरुवात केली. 'मी त्याला धाकट्या भावावानी मानतो. आनि त्यानं शेटकरं जाऊन माजी चुगली केली. माजा एक शब्द हाय, धा वर्सांचा, त्योच काढून घ्यायला सांगला. असा करतात?'

'कुठला शब्द?'

दौलत अडखळला. का कोण जाणे, या घरात तो शब्द तोंडातून निघेना.

'तो... विकेट परल्यावर बोलतो त्यो.'

'हां,' हबीबा म्हणाली. 'तो मोहिउद्दीननं नाही सांगितला. तो तर घरात त्याचं नाव काढू देत नाही. शेठना निरोप मी पाठवला.'

'तुमी? का पन?'

'आज तो तुमच्या बाजूला बसणार म्हणून. दरवेळी बसतो, घरी येतो तर जेवत नाही. आज फायनल, आज तुम्ही किती वेळा बोलाल. माझ्याच्यानं राहवलं नाही.' तिनं ओढणीचं टोक चाचपलं. 'तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. त्याचे अब्बा गेले तेव्हा शुक्रवारच होता. दोन वर्षं झाली. जुम्म्याच्या नमाजनंतर न्यायचं ठरलं. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत, तुम्हाला माहीत असेल. आम्ही घरातच बसायचं. पुरुष कलमा पढत नेतात ना, तो आवाज ऐकत बसायचं. आवाज वळणावर गेला की समजायचं वळणावर पोहोचले. तिथून पुढं गेला की समजायचं, मैदान आलं. असा आवाज लहान लहान होत जातो, आणि आपण त्याच्या मागं मागं कानानं जातो. तेवढंच आमच्या वाट्याला असतं.'

दौलतनं सरबताचा ग्लास उचलला होता. तो तसाच हातात राहिला.

'मी त्या सज्जात बसले होते. मैदानापर्यंत गेले मी त्यांच्यासोबत. मग तुमचा आवाज आला. आणि मग सगळ्यांचा. शिट्ट्या, डबे. कलमा ऐकूच येईना. मी कान लावून बसले, म्हटलं हे थांबलं की ऐकू येईल. थांबलं, तर परत. मग परत. तीन वेळा.'

'तीन वेला,' दौलत म्हणाला. त्याचं त्यालाही कळलं नाही तो बोलला ते.

'तुमच्याकडून थांबलं तोवर ते पुढं निघून गेले होते. मला नंतर काहीच ऐकू आलं नाही.' हबीबानं चष्मा सारखा केला. 'रस्त्यावर पोरं चवताळली होती म्हणे. सगळा जनाजा थांबला. मैदानात घुसायला निघाली. मोहिउद्दीनच्या खांद्यावर अब्बा. त्यानं खांदा सोडला नाही. म्हणाला, चला, कुणी वळून बघायचं नाही. शेठ पण होते खांद्याला. चौऱ्याऐंशीला किती दिवस झाले होते हो? तीन वर्षं पण नाही. म्हणून कुणी ही गोष्ट तुमच्यापर्यंत येऊ दिली नाही.'

पांढरे कपडे, डोक्याला टोप्या, पन्नास-साठ माणसं. जागच्या जागी थांबली. माझ्याकडं बघत.

दौलतला त्या दिवशीचं ऊन आठवलं. रस्ता उन्हाच्या बाजूला होता म्हणून त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं होतं. पाहिलं होतं! गर्दीच्या मधोमध काहीतरी हिरवं होतं, चादरीसारखं, तेसुद्धा त्याला आता आठवलं, आणि त्या माणसांना त्यानं मचाणावरून हात हलवला होता हेही आठवलं. ही गोष्ट त्यानं किती जणांना सांगितली? कारखान्यात सांगितली, चहाच्या टपरीवर सांगितली, मचाणावर बसून एकदा मोहिउद्दीनलाही सांगितली होती. मोहिउद्दीन तेव्हा पेन्सिलीला टोक करत होता. 'हो का दादूस,' एवढंच म्हणाला होता.

'मावशी,' दौलत म्हणाला. दहा वर्षं ज्याच्या तोंडाला विराम नव्हता त्याला एक वाक्य जुळवता येईना. तो उठला, वाकला आणि सरबताचा भरलेला ग्लास जमिनीवर ठेवला.

'तुम्हाला दिसलं नसेल, मला ठाऊक आहे,' हबीबा म्हणाली. 'आणि ऐका. मोहिउद्दीन कालच शेठना म्हणाला, फायनल दादूसलाच द्या, तो मोठा आहे. मी सांगितलं म्हणून त्याला सांगू नका.'

सायकल हातात धरून दौलत मोहल्ल्याबाहेर आला. लाज वाटत होती, हे सगळं खरं. पण मनाचा नीचपणा बघा, त्या सगळ्याच्या खाली तो जुना काटा अजून टोचतच होता. दोन हंगाम शेजारी बसून हा पोरगा गप्प राहिला. आपण असतो तर? आपण मैदान पेटवलं असतं. माईक हिसकावून घ्यायचा त्याला हक्क होता आणि त्यानं तो आपल्यालाच देऊ केला. आवाज त्याचा चांगला, अक्षर त्याचं चांगलं, आणि आता हेही त्याचंच चांगलं. दौलतला त्याच्या त्या गप्प बसण्याचासुद्धा हेवा वाटला.

शेठना त्यानं निरोप दिला, शब्द सोडला.

दुपारी नमाज झाली आणि फायनल सुरू झाली. बांधावर मुंगीला जागा नव्हती. दौलत मचाणावर चढला तेव्हा मोहिउद्दीननं खुर्ची पुसली आणि माईक त्याच्या हातात दिला. 'आज तुमचा दिवस दादूस,' तो म्हणाला. दौलतनं त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. खाली विठू भोंगेवाल्यानं बटणं फिरवली आणि दौलत बोलायला लागला. आवाज लागत नव्हता. धावा सांगत होता, ओव्हर सांगत होता, खेळाडूंची नावं मोहिउद्दीनच्या चिटोऱ्यावरून वाचत होता. लोकांना वाटलं, गडी आज तब्येतीत नाही.

तिसऱ्या ओव्हरमध्ये रामूनं दापोड्याची पहिली विकेट काढली. दांडी उडाली. सगळं मैदान वळून मचाणाकडे बघायला लागलं. दोन हजार तोंडं अर्धी उघडलेली, कधी हा सूर लावतो आणि कधी आपण ओरडतो.

'आऊट,' दौलत म्हणाला. 'रामू वारलीनं विकेट घेतली. टाल्या वाजवा.'

कुणी टाळी वाजवली नाही. लोक वाट बघत होते. दौलत खाली बसला. मग बांधाच्या एका कोपऱ्यातून कुणीतरी पोरानं हुबेहूब त्याच्याच सुरात हाक दिली, तशीच लांब, तशीच खेचलेली, 'उठला रे उठलाऽऽ', आणि सगळं मैदान गरजलं, 'जनाजाऽऽ!' शिट्ट्या झाल्या. डबे वाजले.

'न्हाय,' दौलत माईकमध्ये म्हणाला. 'आयका, मंडली. त्यो शब्द नको. मी सोरला.'

लोक पोट धरून हसले. ही नवीन गंमत आहे असं त्यांना वाटलं. पुढच्या ओव्हरला दुसरी विकेट पडली, आणि आता सगळे चढाओढीनं ओरडायला लागले. दौलतनं हात जोडले, तर त्यांनी हात जोडून ओरडायला सुरुवात केली.

शेजारी मोहिउद्दीन मान खाली घालून स्कोर लिहीत होता. पेन्सिल कागदावर जरा जास्तच रुतत होती.

'मोहिउद्दीन,' दौलतनं माईकवर हात ठेवून म्हटलं, 'त्या दिवशी मी... रस्त्याव्हर...'

'दादूस, ओव्हर सुरू झाली,' मोहिउद्दीन म्हणाला. 'बोला. लोक ऐकतायत.'

तिसरी विकेट पडायच्या आधीच दौलत मचाणाच्या कडेला गेला आणि विठूला ओरडून म्हणाला, 'भोंगा बंद कर.' विठूला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. 'बंद कर बोल्लो ना!' विठूनं बटण फिरवलं. भोंगा खरखरला आणि गप्प झाला. मेलेला माईक हातात घेऊन दौलत उभा राहिला, खाडीकडच्या रस्त्याकडे तोंड करून. रस्ता मोकळा होता. एक सायकलवाला चालला होता, बस.

रामूनं चेंडू टाकला. दांडी उडाली. भोंग्याची त्यांना गरजच नव्हती. दोन हजार माणसं उठली आणि दौलतच्या आवाजात ओरडली, आणि तो आवाज मैदान ओलांडून, वळण ओलांडून, त्या सज्जापर्यंत पोहोचत असणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं.